मनोरुग्णाला जामीन कोण?

‘जामीन’ हा शब्द मुळांत माणसाचा वाचक आहे. दुसऱ्यासाठीं जो हमी देऊन उभा राहतो, तो जामीन. पुढें कोर्टकचेरींत त्याचा अर्थ ‘सुटका’ असा झाला. परंतु ज्याला उभा राहणारा कोणी नाहीं त्याला सुटका नाहीं, ही जुनी गांठ मात्र सुटली नाहीं. मनोविकारानें ग्रस्त झालेल्या आरोपीच्या गळ्याला ती फांस होऊन बसली आहे.

असा आरोपी स्वतःचा बचाव करण्यास असमर्थ ठरला, तर त्याचा खटला तहकूब होतो. २००९ सालच्या दुरुस्तीनें फौजदारी प्रक्रिया संहितेंत जो नियम आला, तोच १ जुलै २०२४ पासून अमलांत असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६९ मध्यें आहे. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, आरोपीला रुग्णालयांत ठेवण्याची गरज नसेल आणि एखादा आप्त किंवा मित्र त्याच्या औषधोपचाराची व सुरक्षिततेची हमी देत असेल, तर त्याला सोडावें. हमी न मिळाल्यास उपचार होतील अशा जागीं त्याला ठेवावें. हेतु दयेचा आहे; पण ही दया आप्तेष्ट असणाऱ्यांच्याच पदरीं पडते. आजार जितका जुना, तितके नातलग दुरावलेले. आणि नातलग जितके दूर, तितकी कोठडी दीर्घ!

दोषी ठरलेल्या चोराला आपण कोणत्या दिवशीं सुटणार हें ठाऊक असतें. ज्याचा दोष सिद्धच झाला नाहीं, त्या मनोरुग्णाची तारीख कोणत्या पंचांगांत पाहावी? आसामांतील मचांग लालुंग यांना १९५१ सालीं अटक झाली व पुढें तेजपूरच्या मनोरुग्णालयांत ठेवण्यांत आलें. १९६७ सालीं डॉक्टरांनीं ते बरे झाल्याचें कळविलें. तरीही त्यांना घरीं न पाठवितां गौहत्तीच्या तुरुंगांत धाडलें. खटला कधीं चाललाच नाहीं. २००५ सालीं, ५४ वर्षांनंतर, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर ते सुटले. ज्या माणसाला सोडावयास अखेर एक रुपया पुरला, त्याला इतकीं वर्षें कोंडण्याचें कारण काय होतें?

कोणी म्हणतील, ‘अशांना मोकळें सोडलें तर समाजाचें रक्षण कसें व्हावें?’ प्रश्न रास्त आहे. पण धोका हा वैद्यकीय पुराव्यानें ठरवावयाचा असतो, ‘वेडा’ या शब्दानें नव्हे. ज्याच्यापासून खरोखरच धोका आहे त्याला रुग्णालय हवें. औषधावांचून तुरुंगांत कुजलेला माणूस अधिक शांत होऊन बाहेर येतो, असें कोणत्या शास्त्रानें सांगितलें? दुसरे म्हणतील, ‘वेडाचें सोंग घेऊन गुन्हेगार निसटतील.’ त्यांनीं ध्यानांत घ्यावें कीं, सोंग ओळखण्यासाठींच तज्ज्ञांची तपासणी सांगितली आहे; आणि सोंग साधलें तरी खटला रद्द होत नाहीं, लांबतो इतकेंच.

तेव्हां उपाय उघड आहे. ज्याला आप्त नाहीं त्याचें पालकत्व सरकारनें पत्करावें. ठाणें, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथें सरकारी मनोरुग्णालयें आहेत; नियमित औषधोपचाराची हमी अशा संस्थांनीं दिली, तर तीही न्यायालयानें पुरेशी मानावी. आणि सोडतां येत नाहीं अशाचा अहवाल ठराविक मुदतीनें न्यायाधीशापुढें आलाच पाहिजे; नाहींतर फाईल विसरली कीं माणूसही विसरला जातो.

सुशिक्षित वाचकांनीं हा प्रश्न परक्याचा समजूं नये. पाहुणे आले म्हणजे ज्याला मागच्या खोलींत बसवितात, असा एखादा भाऊ किंवा आत्या पुष्कळ घरांत असते. तुमच्या मागें त्यांच्या हातून कांहीं अपराध घडला, तर त्यांना जामीन कोण राहणार?