युवक : लाभार्थी की हक्कदार?
(आफ्रिकी देशांच्या युवा धोरणांविषयी काही विचार)

निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत आफ्रिका खंडातील युवा धोरणांवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर सरळ आहे. घरदार सोडून वसतिगृहात राहून जी मुले शिकतात, त्यांच्या पालकांना एकच चिंता असते : शिक्षण तर होईल, पण पुढे काय? आज हाच प्रश्न एका संपूर्ण खंडासमोर उभा आहे. आफ्रिकेच्या लोकसंख्येतील सुमारे ६० टक्के लोक पंचवीस वर्षांच्या आतील आहेत. दरवर्षी एक कोटीहून अधिक तरुण कामाच्या शोधात बाहेर पडतात, आणि आफ्रिकी विकास बँकेच्या अंदाजानुसार नियमित स्वरूपाच्या नव्या नोकऱ्या मात्र सुमारे तीस लाखच निर्माण होतात. उरलेल्यांनी काय करायचे, याचे उत्तर तेथील शासने गेली वीस वर्षे शोधत आहेत. त्यांचे यशापयश अभ्यासण्यासारखे आहे, कारण त्यांनी केलेले प्रयोग विविध आहेत आणि त्यांची किंमत तेथील तरुणांनी मोजली आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला प्रथम आठवते ते दक्षिण आफ्रिकेतील सोवेटो. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळे आणि हेतुपुरस्सर निकृष्ट शिक्षण ठरवून दिले. कृष्णवर्णीयांना ठरावीक श्रमाच्या पलीकडे जागा नाही, मग त्यांना गणित शिकवून काय करायचे, असा त्यामागचा उघड विचार होता. पुढे गणितासारखे विषय आफ्रिकान्स भाषेतूनच शिकण्याची सक्ती झाली. त्याविरुद्ध १६ जून १९७६ रोजी सोवेटोतील हजारो शाळकरी मुले रस्त्यावर उतरली. पोलिसांनी गोळीबार केला. बारा वर्षांचा हेक्टर पीटरसन त्या दिवशी मारला गेला आणि पुढील काही महिन्यांत शेकडो जणांचे प्राण गेले. आज दक्षिण आफ्रिकेत १६ जून हा युवा दिन आहे आणि १९९१ पासून तो संपूर्ण खंडात आफ्रिकी बालक दिन म्हणून पाळला जातो. आफ्रिकेतील युवा धोरणाचा विचार करताना हा आरंभबिंदू विसरता कामा नये. तेथील युवकांनी शासनाकडे प्रथम मागितले ते अनुदान नव्हते. आपल्याला कमी लेखणारे शिक्षण आपण घेणार नाही, असे त्यांनी ठणकावून सांगितले.

पुढे तीस वर्षांनी, २ जुलै २००६ रोजी, गाम्बियाची राजधानी बांजुल येथे आफ्रिकी संघाने ‘आफ्रिकी युवा सनद’ स्वीकारली. ती ८ ऑगस्ट २००९ रोजी अमलात आली. पंधरा ते पस्तीस वर्षे वयाच्या व्यक्तीला ही सनद युवक मानते. शिक्षण, आरोग्य, उपजीविका आणि निर्णयप्रक्रियेतील सहभाग हे युवकांचे हक्क आहेत, असे ती सांगते. मुली आणि तरुण स्त्रिया यांच्यासाठी तसेच अपंग युवकांसाठी तिच्यात स्वतंत्र कलमे आहेत. घातक सामाजिक रूढींचे उच्चाटन करण्याचे कर्तव्य ती राज्यांवर टाकते. प्रत्येक देशाने आपले राष्ट्रीय युवा धोरण आखावे, असेही बंधन तिच्यात आहे. शब्दांच्या दृष्टीने पाहिले तर या सनदेत फारसे उणे काढता येणार नाही. खरी कसोटी लागते ती सनदेपासून तालुक्याच्या कचेरीपर्यंतच्या वाटेवर.

शिक्षणापासूनच पाहू. घानाने सप्टेंबर २०१७ पासून उच्च माध्यमिक शिक्षण मोफत केले. या निर्णयाचे वैशिष्ट्य असे की, शुल्काबरोबरच वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या निवासाचा आणि भोजनाचा खर्चही शासनाने उचलला. गरीब घरातील मुलाची शाळा केवळ शुल्कामुळे सुटत नाही. ती अंथरूण-पांघरूण, दोन वेळचे जेवण आणि प्रवासभाडे यांमुळे सुटते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. घानातील वर्ग भरून वाहू लागले. इतके की, दुसऱ्याच वर्षी इमारती अपुऱ्या पडल्या आणि विद्यार्थ्यांना दोन तुकड्यांत विभागून आळीपाळीने शाळेत बोलवावे लागले. एक तुकडी शाळेत, तर दुसरी घरी, अशी ही पद्धत. टीकाकारांनी यावरून संपूर्ण योजनेलाच बोल लावला. मला मात्र यातून उलट अर्थ दिसतो. दार उघडताच एवढी गर्दी झाली, याचा अर्थ इतकी मुले इतकी वर्षे दाराबाहेर उभी होती. दोष दार उघडण्यात नव्हता. वर्गखोल्या आणि शिक्षक आधी वाढवले नाहीत, यात होता.

दक्षिण आफ्रिकेत उच्च शिक्षणाचा प्रश्न याहून तीव्र झाला. वर्णभेदी राजवट १९९४ मध्ये संपली, सर्वांना मताचा समान अधिकार मिळाला. पण जमीन, भांडवल आणि चांगली विद्यापीठे यांची वाटणी जवळपास पूर्वीसारखीच राहिली. राजकीय समता आली तरी सामाजिक-आर्थिक विषमता कायम राहिली तर लोकशाहीलाच धोका निर्माण होतो, असा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. दक्षिण आफ्रिकेने तो प्रसंग २०१५ मध्ये अनुभवला. जोहान्सबर्ग येथील एका नामांकित विद्यापीठाने दहा टक्क्यांहून अधिक शुल्कवाढ जाहीर केली आणि विद्यार्थ्यांचे आंदोलन देशभर पसरले. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्षांना पुढील वर्षाची शुल्कवाढ रद्द करावी लागली. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये, वार्षिक साडेतीन लाख रँडपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना कर्जाऐवजी शिष्यवृत्ती देण्याची घोषणा झाली. कर्ज आणि शिष्यवृत्ती यांतील फरक हिशेबापुरता नाही. ज्याच्या घरातील पहिलीच पिढी विद्यापीठात पोहोचली आहे, त्याच्या खांद्यावर पदवीबरोबर कर्जही ठेवणे म्हणजे पूर्वजांवर झालेल्या अन्यायाचे देणे त्याच्याकडूनच वसूल करणे होय.

परंतु शिक्षण मिळाले तरी काम कुठे आहे? दक्षिण आफ्रिकेत २००८ च्या कायद्याने राष्ट्रीय युवा विकास संस्था स्थापन झाली, सार्वजनिक कामांच्या योजना निघाल्या, तरुणांना कामावर घेणाऱ्या मालकांना २०१४ पासून करसवलत मिळू लागली. तरीही पंधरा ते चोवीस वयोगटात काम शोधणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के तरुण बेरोजगार आहेत. हा आकडा केवळ युवा धोरणाचे अपयश नाही. ज्या अर्थव्यवस्थेत मालकी मूठभरांकडे आहे, तेथे प्रशिक्षणाची शिबिरे कितीही भरवली तरी खुर्च्या वाढत नाहीत. रांग तेवढी अधिक शिकलेली होते.

अनेक देशांनी यावर ‘उद्योजकता’ हा उपाय पुढे केला. केनियाने २००६ मध्ये युवा उद्योग विकास निधी उभारला. त्यानंतर शासकीय खरेदीपैकी ३० टक्के वाटा युवक, महिला आणि अपंग यांच्या उद्योगांसाठी राखून ठेवला. या दुसऱ्या उपायाचे मला विशेष मोल वाटते. केवळ कर्ज देऊन ‘आता धंदा कर’ म्हणणे वेगळे आणि शासनाने स्वतः ग्राहक होणे वेगळे. पण निविदा मिळालेल्या तरुणाकडे माल पुरवण्यासाठी हाताशी भांडवल लागते आणि देयके महिनोन्‌महिने रखडली तर तो सावकाराच्या दारात जातो. राखीव वाटा कागदावर असणे आणि तो पेलण्याची ताकद हाती असणे, या दोहोंमधील अंतर येथे दिसते. त्यातच २०१५ मध्ये केनियाच्या राष्ट्रीय युवा सेवेतून ७९ कोटी १० लाख शिलिंगचा अपहार उघडकीस आला. युवकांच्या नावाने काढलेला पैसा युवकांपर्यंत पोहोचलाच नाही.

युगांडाचा अनुभव अधिक विचार करायला लावणारा आहे. यादवी युद्धाने होरपळलेल्या उत्तर युगांडात २००८ च्या सुमारास तरुणांच्या गटांना हस्तव्यवसाय शिकण्यासाठी आणि अवजारांसाठी अनुदान देण्यात आले. प्रत्येकी सरासरी ३८२ डॉलर. पात्र गट अधिक आणि पैसा कमी, म्हणून सोडतीने निवड झाली. त्यामुळे अनुदान मिळालेले आणि न मिळालेले यांची प्रामाणिक तुलना संशोधकांना करता आली. चार वर्षांनी अनुदान मिळालेल्यांची कमाई इतरांपेक्षा ३८ टक्क्यांनी अधिक होती. कोणी शिंपीकाम करत होते, कोणी सुतारकाम. गरीब तरुणाच्या हाती पैसा दिला तर तो उधळून टाकतो, हा समज त्यांनी खोटा ठरवला. मात्र नऊ वर्षांनी पुन्हा पाहणी झाली, तेव्हा अनुदान न मिळालेल्यांची कमाईही त्यांच्या बरोबरीला आली होती. याचा अर्थ मदत वाया गेली असा नव्हे. मधली वर्षे त्या घरांना सुसह्य गेली, कौशल्य आणि घरातील वस्तू टिकून राहिल्या. पण एका वेळच्या मदतीने माणूस लवकर उभा राहतो, कायमचा पुढे जात नाही; त्यासाठी बाजारपेठ, रस्ता, वीज आणि पतपुरवठा यांची साथ वर्षानुवर्षे लागते.

आता सहभागाचा मुद्दा. रवांडाच्या लोकप्रतिनिधी सभेतील ८० जागांपैकी दोन युवकांसाठी, एक अपंगांसाठी आणि २४ महिलांसाठी राखीव आहेत. युगांडाच्या संसदेतही युवकांचे प्रतिनिधी असतात. नायजेरियात तरुणांच्या दीर्घ मोहिमेनंतर मे २०१८ मध्ये घटनादुरुस्ती झाली आणि प्रतिनिधिगृहासाठी उमेदवारीचे किमान वय ३० वरून २५, तर राष्ट्राध्यक्षपदासाठी ४० वरून ३५ झाले. हा मोठा विजय होता. परंतु २०२२ मध्ये तेथील सत्ताधारी पक्षाने राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी १० कोटी नायरा एवढे शुल्क ठेवले. तरुणांना काही सवलत होती. तरी ती वजा जाता उरणारी रक्कमही सामान्य तरुणाच्या स्वप्नाबाहेरचीच. वयाची अट गेली आणि पैशाची अट तिच्या जागी बसली.

जिथे सहभागाच्या वाटा अशा बंद होतात, तिथे तरुण रस्त्यावर येतात. जून २०२४ मध्ये केनियात नव्या करांच्या विधेयकाविरुद्ध तरुणांनी आंदोलन छेडले. त्यांना कोणा पक्षाचे नेतृत्व नव्हते. विधेयकातील तरतुदी सोप्या भाषेत समजावून देत त्यांनी लोकांना जागे केले. २५ जूनला आंदोलक संसदेत शिरले, गोळीबार झाला, अनेक तरुण मारले गेले. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांनी विधेयकावर स्वाक्षरी करण्यास नकार दिला. ज्या देशाच्या २०१० च्या संविधानात युवकांसाठी स्वतंत्र कलम आहे, त्याच देशात आपले म्हणणे ऐकवण्यासाठी तरुणांना जीव द्यावा लागला, ही गोष्ट कोणत्याही धोरणकर्त्याने विसरू नये.

या साऱ्या अनुभवांतून माझे मत असे बनले आहे. ‘युवक’ हा शब्द फसवा आहे. शहरातील धनिकाचा मुलगा आणि खेड्यातील भूमिहीनाची मुलगी दोघेही बावीस वर्षांचे असू शकतात. म्हणून ते एका रांगेत उभे राहत नाहीत. योजना केवळ वयावर आधारलेली असेल, तर तिचा लाभ ज्याला अर्ज लिहिता येतो, ज्याची ओळख आहे आणि ज्याच्याकडे तारण आहे, त्याच्याच पदरात पडतो. त्यामुळे कोणत्याही युवा धोरणाला विचारण्याचा पहिला प्रश्न ‘किती निधी?’ हा नसून ‘कोणत्या घरातील युवकापर्यंत?’ हा असला पाहिजे. दुसरे असे की, बेरोजगारीचा भार युवकाच्याच माथी मारणारी धोरणे संशयाने पाहिली पाहिजेत. प्रत्येकाने उद्योजक व्हावे असे सांगणारे शासन, नोकऱ्या निर्माण करण्याच्या आपल्या जबाबदारीतून हळूच अंग काढून घेत असते. आणि तिसरे, ज्या समितीत युवकांसाठीचा पैसा कसा खर्च व्हावा हे ठरते, त्या समितीत युवक नसेल, तर तो लाभार्थीच राहील, हक्कदार होणार नाही.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी आज कोणी शासकीय सेवेत, कोणी बँकेत, कोणी अध्यापनात आहे. त्यांना माझी विनंती एवढीच, की आपल्या कचेरीत एखादा तरुण योजनेचा अर्ज घेऊन येईल, तेव्हा त्याला मदत मागणारा समजू नका. तो आपला हक्क मागतो आहे. पालकांनाही सांगावेसे वाटते की, आपली मुले प्रश्न विचारू लागली तर त्यांना गप्प करू नका. सोवेटोच्या मुलांनी प्रश्न विचारला होता म्हणून आज त्यांच्या देशात शिक्षण हा संविधानाने दिलेला हक्क आहे. तो हक्क प्रत्यक्षात आणण्याचे काम तेथील पुढच्या पिढीने अजून सोडलेले नाही.