खुर्च्यांची तोंडं कुणीकडे आहेत? – टोरंटोच्या जुन्या घुमटाची दुरुस्ती



जुनी इमारत दुरुस्त करायची म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर आधी काय येतं? रंग, नवी फरशी, नवा फलक. फार तर एखादा मोठा स्क्रीन. पण त्या इमारतीत जो रोज येऊन बसतो, त्याला बसल्या जागेवरून काय दिसतं, हा प्रश्न बहुतेक वेळा शेवटी येतो, किंवा येतच नाही. आज एका परदेशी स्टेडियमविषयी लिहिते आहे. कारण तिथे हा प्रश्न विचारायला तब्बल 35 वर्षं लागली.

कॅनडातल्या टोरंटो शहरात, उंच सीएन टॉवरच्या पायथ्याशी हे स्टेडियम आहे. 1989 च्या जूनमध्ये ते सुरू झालं. नाव होतं स्कायडोम. पूर्णपणे उघडणारं आणि यंत्राने सरकणारं छत असलेलं हे जगातलं पहिलं स्टेडियम. छताचे चार भाग, त्यातले तीन हलतात आणि साधारण 20 मिनिटांत वर निळं आकाश दिसू लागतं. मैदानाकडे तोंड करून आतच एक हॉटेल आहे. काही खोल्यांच्या खिडकीत बसून सामना बघता येतो! त्या काळी सुमारे 57 कोटी कॅनेडियन डॉलर खर्च आला आणि त्यात सरकारचा, म्हणजे लोकांचा पैसाही होता.

लोकांनी तुफान गर्दी केली. 1991 साली टोरंटो ब्लू जेज या बेसबॉल संघाचे घरचे सामने बघायला एका हंगामात 40 लाखांहून जास्त प्रेक्षक आले. असा आकडा त्याआधी कुठल्याच संघाने गाठला नव्हता. 1992 आणि 1993 अशी सलग दोन वर्षं वर्ल्ड सिरीजही याच संघाने जिंकली.

मग चुकलं कुठे?

हे समजण्यासाठी थोडी भूमिती लागेल. क्रिकेटमध्ये खेळपट्टी मैदानाच्या मधोमध असते, म्हणून गोल स्टेडियम चालतं. प्रेक्षक कुठेही बसला तरी त्याचं तोंड आपोआप मध्यभागाकडे असतं. बेसबॉलचं तसं नाही. तिथे फलंदाज एका कोपऱ्यात उभा राहतो आणि मैदान त्याच्यापुढे पंख्यासारखं पसरतं. सगळा जीव त्या कोपऱ्यात आणि त्याच्यापुढच्या चौकोनात. त्या चौकोनाची प्रत्येक बाजू 90 फूट, म्हणजे सुमारे 27.4 मीटर.

स्कायडोम मात्र एकट्या बेसबॉलसाठी बांधलंच नव्हतं. कॅनेडियन फुटबॉल हवा, गाण्यांचे कार्यक्रम हवेत, प्रदर्शनं हवीत. म्हणून खालचे काही प्रेक्षककट्टे रुळांवरून सरकवता येतील असे केले. सगळ्यांची सोय बघायच्या नादात बेसबॉल बघणाऱ्याची गैरसोय झाली. बाजूच्या कितीतरी खुर्च्यांची तोंडं फलंदाजाकडे नव्हतीच, ती दूरच्या मोकळ्या मैदानाकडे होती. तीन तास मान वळवून बसायचं.

असं करणारं टोरंटो एकटं नव्हतं. घुमटाखाली खेळ आणायचा हा त्या काळातला मोठा उत्साह होता. 1965 साली अमेरिकेत ह्यूस्टनला ॲस्ट्रोडोम उघडलं. छतातून येणाऱ्या उजेडाने खेळाडूंचे डोळे दिपायचे, चेंडू दिसायचा नाही. म्हणून छताचे पारदर्शक भाग रंगवले. मग ऊन मिळेना म्हणून गवत मेलं आणि पुढच्या वर्षी प्लास्टिकचं गवत आलं. एका अडचणीवरच्या उपायातून दुसरी अडचण कशी उभी राहते, हे मुलांना सांगायला याहून सोपं उदाहरण मला तरी माहीत नाही.

स्कायडोम उघडल्यावर तीनच वर्षांनी, 1992 मध्ये, बाल्टिमोरला कॅमडेन यार्ड्स हे मैदान सुरू झालं. छत नाही. शेजारचं जुनं विटांचं गोदाम न पाडता मैदानाचाच भाग करून घेतलं. प्रेक्षक खेळाच्या जवळ. लोकांना जुन्या ‘बॉलपार्क’ची आठवण झाली. बॉस्टनचं फेनवे पार्क (1912) किंवा शिकागोचं रिगली फील्ड (1914) अशी ही मैदानं, शहरातल्या गल्ल्यांमध्ये जागा मिळेल तशी बसवलेली. फेनवेला डावीकडे पलीकडेच रस्ता आहे, म्हणून तिथली भिंत 37 फूट उंच! बेसबॉलच्या नियमात आतला चौकोन ठरलेला आहे, बाहेरची भिंत नाही. त्यामुळे प्रत्येक मैदानाचा चेहरा वेगळा. स्कायडोमची भिंत मात्र सगळीकडे 10 फूट आणि दोन्ही बाजूंची अंतरं अगदी सारखी. नवंकोरं स्टेडियम बघता बघता जुनं वाटायला लागलं.

पाडायचं की सुधारायचं?

2004 च्या अखेरीस रॉजर्स कंपनीने हे स्टेडियम फक्त अडीच कोटी डॉलरला घेतलं. 57 कोटींचं अडीच कोटींना! नाव बदलून रॉजर्स सेंटर झालं, नवा मोठा स्क्रीन आला, नवं कृत्रिम गवत आलं. खुर्च्या मात्र तशाच. 2016 मध्ये फुटबॉलचा संघ दुसऱ्या मैदानावर गेला, तरीही पुढची कितीतरी वर्षं खुर्च्या फलंदाजाकडे वळल्या नाहीत. 2020 मध्ये तर हे स्टेडियम पाडून नवं बांधण्याच्या बातम्या आल्या होत्या.

पाडण्याचा मार्ग सिएटल शहराने आधीच चोखाळला होता. तिथलं किंगडोम 1976 चं. 2000 साली स्फोटकं लावून काही सेकंदांत जमीनदोस्त केलं. पण त्यावरचं कर्ज मात्र 2015 पर्यंत फिटत होतं. इमारत नाहीशी, हप्ते चालू!

टोरंटोने तसं केलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 2022 च्या जुलैमध्ये ब्लू जेजने सुमारे 30 कोटी डॉलरची दुरुस्ती जाहीर केली. खेळाचा हंगाम चालू ठेवून, दोन हिवाळ्यांत काम करायचं ठरलं. 2023 च्या हंगामाआधी दूरच्या मैदानामागची बाजू बदलली. उभं राहून गप्पा मारत सामना बघायच्या जागा केल्या, तिथे 20 डॉलरच्या तिकिटात जाता येत होतं. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या जुन्या खुर्च्या बदलल्या. भिंत मुद्दाम वेडीवाकडी केली, कुठे 8 फूट तर कुठे 14 फुटांच्या वर. 2024 च्या आधी मुख्य काम झालं. खालचा सगळा कट्टा फोडून नव्याने बांधला आणि खुर्च्यांची तोंडं खेळाकडे वळवली. प्रेक्षक मैदानाच्या जवळ आले.

छत तेच आहे, सिमेंट तेच, हॉटेल तेच, गवतही अजून कृत्रिमच. घुमटाचं काही फेनवे पार्क झालेलं नाही. पण बसणाऱ्याला आपण खेळ बघायला आलोय असं वाटतं. माझ्या मते खरी दुरुस्ती हीच.

मला खटकलेली गोष्ट

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. पूर्वी बेसबॉलसाठी इथे सुमारे 49 हजार लोक बसत, आता सुमारे 39 हजार बसतात. रुंद खुर्च्या आणि मोकळी जागा हवी तर संख्या घटणार, हे मान्य. पण फलंदाजाच्या मागे, सर्वांत जवळ, महागडे क्लब झाले आहेत. 20 डॉलरवाल्याची सोय लांबच्या टोकाला आणि श्रीमंताची अगदी पुढे. ज्या वास्तूत मुळात लोकांचा पैसा होता, तिथे पुढच्या रांगांमधल्या थोड्या तरी जागा शाळेच्या मुलांसाठी राखायला काय हरकत होती? खुर्ची वळवली हे चांगलंच झालं, पण त्या खुर्चीवर कोण बसणार हेही तितकंच महत्त्वाचं आहे.

आणि हो, मैदान सुधारलं म्हणून संघ जिंकतोच असं नाही. 2025 च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा, निर्णायक सामना याच नव्या खुर्च्यांवरून लोकांनी पाहिला. 11 डावांपर्यंत लांबलेल्या त्या सामन्यात ब्लू जेज 5-4 असे हरले.

वर्गात हे कसं वापराल?

चौथी-पाचवीच्या मुलांना चौकटीचा कागद द्या. एक गोल, एक लांब आयत आणि एक पंखा काढायला सांगा: क्रिकेट, फुटबॉल, बेसबॉल. खेळाच्या मुख्य जागेवर ठिपका द्या आणि चारी बाजूंना प्रेक्षक बसवा. प्रत्येक प्रेक्षकाच्या नाकापासून ठिपक्यापर्यंत पट्टीने रेघ ओढा. कुणाला किती मान वळवावी लागते? कोन मोजा. परिमितीच्या धड्यापेक्षा मुलं यात जास्त रमतील, अशी माझी खात्री आहे.

मग तोच कागद उलटा करून आपल्या वर्गाचा नकाशा काढायला सांगा. फळा कुठे, खिडकी कुठे, उजेड कुठून येतो, कोपऱ्यातल्या बाकावरून फळ्याची कोणती बाजू दिसत नाही. शाळेच्या दुरुस्तीसाठी निधी आला की व्यवस्थापन समितीत रंगाची चर्चा खूप होते. पालकहो, पुढच्या बैठकीला येताना मुलांनी काढलेला हा नकाशा सोबत आणा. रंग ठरवू, पण आधी प्रत्येक बाकावर दोन-दोन मिनिटं बसून बघू.

तुमच्या शाळेत कोणत्या बाकावरून फळा दिसत नाही? मुलांनाच विचारा आणि मला नक्की कळवा.