वसतिगृहातले लेकरू साथीच्या दिवसांत घरी येते तेव्हा



बाजारातून नवा बैल आणला की जाणता शेतकरी त्याला लगेच दावणीला बांधत नाही. काही दिवस वेगळा बांधतो, त्याचे पाणी वेगळे ठेवतो, घरच्या जनावरांचे वैरणपाणी आधी उरकून मग त्याच्याकडे जातो. लाळ्या-खुरकुताचा रोग गोठ्यात शिरला म्हणजे काय होते हे तुम्हाला सांगायला नको. पण पुण्याहून, राहुरीहून, परभणीहून आपले शिकते लेकरू साथीच्या दिवसांत घरी आले, की पहिल्याच रात्री ते आजीशेजारी अंथरूण टाकते. लेकराची माया वेगळी हे खरे, पण आजीला दमा असेल तर हा विचार करायलाच हवा.

२०२० साल आठवा. देशातला कोरोनाचा पहिला रोगी ३० जानेवारीला केरळात, त्रिशूरला सापडला. ती चीनमधल्या वुहान शहरात डॉक्टरकी शिकणारी विद्यार्थिनी होती. पुढच्या चार दिवसांत सापडलेले आणखी दोघेही वुहानहून परतलेले विद्यार्थीच. केरळ सरकारने तिकडून आलेल्यांवर नजर ठेवली होती, वेगळे राहायला सांगितले होते. तिघेही बरे झाले आणि त्यांच्यापासून पुढे साथ पसरली नाही. १ आणि २ फेब्रुवारीला विमानाने दिल्लीला आणलेल्या ६४७ भारतीयांतही विद्यार्थीच जास्त होते. त्यांनाही घरी न सोडता मानेसर आणि छावला येथे १४ दिवस वेगळे ठेवले.

पुण्यात मुले ठेवलेल्यांना २००९ सालही आठवत असेल. स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी ३ ऑगस्टला पुण्यातच घेतला, शाळेत जाणारी चौदा वर्षांची मुलगी. तो विषाणू अजून गेलेला नाही. नेहमीच्या फ्लूत मिसळला आहे आणि पावसाळ्यात, थंडीत डोके वर काढतो.

आता मुद्द्याचे. मुलाला ताप असेल, घसा दुखत असेल, तर त्याने प्रवासच करू नये. इथे आईबापच घसरतात. फोनवर खोकला ऐकू आला की, "ये बाबा घरी, काढा करून देते." पोरगा तापाची गोळी घेऊन गाडी धरतो आणि शेजारच्या चाळीस जणांत बसतो. त्याने खोलीवर राहावे, तिथल्या दवाखान्यात दाखवावे आणि गोळी न घेता ताप उतरून चोवीस तास झाले म्हणजे निघावे. गाडीत नाक झाकेल असा मास्क लावावा, खिडकीची जागा धरावी, खाणे थांब्यावर उतरून, हात साबणाने धुऊन करावे. माझे मत विचाराल तर साथीत बंद काचांच्या थंडगार गाडीपेक्षा उघड्या खिडक्यांची लाल एस.टी. बरी.

फ्लू लागण झाल्यापासून एक ते चार दिवसांत दिसतो. कोरोना बहुधा पाच-सहा दिवसांत, क्वचित चौदाव्या दिवसापर्यंतही. त्रास दिसण्याआधीच माणूस दुसऱ्याला रोग देऊ शकतो, म्हणून धडधाकट दिसणाऱ्यालाही साथीच्या दिवसांत चार-सहा दिवस जपून राहू द्यावे. दोन खोल्यांच्या घरात वेगळी खोली कुठली आणणार, असे तुम्ही म्हणाल. ओसरी आहे, पडवी आहे, मळ्यातली वस्ती आहे. वारा खेळेल तिथे खाट टाका. चुलीच्या धुरात किंवा पोत्यांच्या अंधाऱ्या खोलीत मात्र झोपवू नका. म्हातारी माणसे, गरोदर सून आणि तान्हे मूल यांना दूर ठेवा. जेवणखाण एकानेच, धडधाकट माणसाने, मास्क लावून पाहावे. ताट फेकायचे कारण नाही, साबणाने घासले की झाले.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. निर्जंतुकीकरणाच्या नावाखाली शेतातला फवारणीचा पंप घरात आणू नका आणि माणसाच्या अंगावर तर काहीच फवारू नका. पंप कितीही धुतला तरी औषधाचा अंश राहतो.

शेजाऱ्यांनीही थोडे धोरणाने घ्यावे. २०२० मध्ये कित्येक गावांनी वाटेवर काट्या टाकल्या. आलेल्या पोराला वाळीत टाकल्यासारखे वागवले, तर पुढच्या वेळी घरचे लोक दुखणे लपवतील.

आणि ताप असताना दुकानातून ॲंटिबायोटिक आणू नका. विषाणूवर ते चालत नाही. फ्लूवर ओसेल्टामिविर हे औषध आहे, ते डॉक्टरच्या सल्ल्याने पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर जास्त गुण येतो. म्हणून घरात म्हातारे, गरोदर किंवा दमेकरी कुणी तापले तर "उद्या बघू" म्हणू नका. त्यांना फ्लूची लस दरवर्षी टोचून घेता येते, आरोग्य केंद्रात विचारा. धाप लागली, छातीत दुखू लागले, माणूस असंबद्ध बोलू लागला, बोटाला लावायच्या यंत्रात प्राणवायू ९४ च्या खाली दिसला किंवा बाळ अंगावर पिईना, तर रात्र असली तरी १०८ ला फोन लावा.