हातातला संगणक आणि आपला हिशेब

व्यापाऱ्याजवळ हिशेबाइतकी मोलाची दुसरी वस्तू नाही. माल संपला तर पुन्हा भरता येतो. पण उधारीची वही हरवली तर पैसा बुडतो आणि गिऱ्हाइकाशी तंटाही होतो. आता ही वही हातातल्या यंत्रात जाऊ लागली आहे. अशा वेळी यंत्र कोणते घ्यावे, यापेक्षा त्यातला हिशेब कोणाच्या ताब्यात राहणार, हा प्रश्न आमच्या मते अधिक महत्त्वाचा आहे.

या बाबतीत आपल्याच देशातला एक प्रयोग आठवण्यासारखा आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर ही कंपनी यांनी मिळून २००१ साली 'सिम्प्युटर' हा तळहातावर मावणारा संगणक लोकांपुढे आणला. तो लिनक्सवर चालत असे. लिनक्स ही कोणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली, फुकट मिळणारी आणि जाणकाराला हवी तशी बदलता येणारी प्रणाली आहे. काडीने पडद्यावर टेकून काम करायचे, भारतीय भाषांतला मजकूर यंत्राने वाचून दाखवायचा आणि प्रत्येकाने आपली माहिती स्वतःच्या कार्डात ठेवून एकच यंत्र अनेकांनी वापरायचे, अशी ती कल्पना होती. २००४ साली 'अमिडा' या नावाने तो बाजारात आला. साध्या नगाची किंमत दहा हजारांच्या आसपास होती. मात्र अपेक्षेच्या मानाने फारच थोडे नग खपले. पुढे मोबाइल स्वस्त झाले आणि सिम्प्युटर मागे पडला.

यंत्र गेले, तरी त्यामागचा विचार टाकाऊ ठरत नाही. आपल्या भाषेत चालणारे आणि एका कंपनीवर अवलंबून नसलेले साधन छोट्या धंद्याला आजही हवे आहे. आज हातात धरण्याजोगी लिनक्सची यंत्रे मिळतात. २०२२ साली आलेले 'स्टीम डेक' मुळात खेळांसाठी आहे. तरी त्याला कळफलक व मोठा पडदा जोडून लिब्रेऑफिसमध्ये पत्रे आणि हिशेबाचे तक्ते करता येतात. पण केवळ दुकानाच्या कामासाठी एवढा खर्च करावा, असे आम्ही म्हणणार नाही. गोदामात माल मोजणे, मापे टिपणे, भाव पाहणे ही कामे लहान यंत्रावर होतात. लांबलचक पत्र किंवा वर्षाचा ताळेबंद मात्र टेबलावर बसूनच करावा. त्याला लिनक्स घातलेला जुना संगणकही पुरतो.

यंत्र कोणतेही असो, खरेदीपूर्वी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत. मराठीत किंवा उर्दूत नोंद करता येते काय? इंटरनेट बंद असताना काम चालते काय? आणि सर्व नोंदी बाहेर काढून दुसऱ्या यंत्रावर उघडता येतात काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर ते फुकट मिळाले तरी महागच पडेल. उद्या त्या कंपनीने आपला गाशा गुंडाळला, तर आपली वही तिच्याबरोबर जाईल.

आपले कारागीर हत्यार घेताना त्याची धार स्वतः पाहून घेतात. संगणकाच्या बाबतीतही तीच सवय ठेवावी आणि दर आठवड्याला हिशेबाची एक प्रत वेगळी काढून ठेवावी, एवढेच आमचे सांगणे आहे.