तिशीतला 'कायदा'

पिंपरी, भोसरी, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. जुम्म्याची नमाज शुक्रवारी. एका दिवसाची चुकामूक. मुळात नमाजी असलेला कामगार त्यातून वाट काढतो. जेवणाची सुट्टी पुढे-मागे करून घेतो, सोबत्याला मशीनवर लक्ष ठेवायला सांगतो. पण तिशीत पहिल्यांदाच नमाज शिकायला निघालेल्याला ती अर्ध्या तासाची सवलत मागायचीही चोरी वाटते. आडनाव शेख, ईदला घरी शिरखुर्मा, आणि सूरह फातिहाच्या 7 आयती काही येत नाहीत. सांगणार कुणाला?

1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, तेव्हापासून या भागाने बाहेरगावची माणसे सामावून घेतली. त्यांत बीड, लातूर, नांदेड, सोलापूरकडचे मुसलमानही आले. घरात दखनी, शाळा मराठी, नंतर आयटीआय. मकतब (मशिदीतली धार्मिक शिकवणी) लहानपणीच सुटलेले, उर्दू लिपीशी ओळख नाही. अशा माणसाला एखाद्या दिवशी वाटते की आता आपण नीट शिकावे. कारण काहीही असो, वडिलांचा जनाजा असेल नाहीतर मुलीने विचारलेला साधा प्रश्न. पण तो मशिदीत जातो तेव्हा शिकवणी सहा वर्षांच्या पोरांची चाललेली असते. अरबी अक्षरओळखीच्या पुस्तकाला तिथे 'कायदा' म्हणतात. पोरांच्या ओळीत बसून तो गिरवायला फिटरचा जीव धजत नाही. बयान उर्दूत, पुस्तके बहुतेक उर्दूत. कुरआनचे मराठी अनुवाद आहेत, इस्लामवर 'शोधन' हे मराठी साप्ताहिकही निघते, पण वाचनाने अर्थ कळतो, उच्चार कळत नाही.

मग तो देवनागरीत छापलेल्या नमाजेच्या पुस्तिकेकडे वळतो. सोय मोठी, पण अडचणही तिथेच. अरबीतले तीन निरनिराळे 'स' देवनागरीत एकच होऊन बसतात. 'कल्ब' हा शब्द घशाच्या मुळातून म्हटला तर हृदय, साध्या 'क'ने म्हटला तर कुत्रा. नुक्ता नसलेल्या पुस्तिकेत दोन्ही सारखेच. हा फरक छापील पानावर सुटत नाही, समोर बसून जीभ वळवून घेणारा माणूसच लागतो. मराठी जिभेला यात थोडा फायदा आहे, 'जसा'मधला दंत्य 'ज' तिला जन्मजात येतो आणि तिथून 'ज़'पर्यंतचे अंतर फार नाही. उस्तादांनी हे हेरायला हवे.

खरी धास्ती हिशोबाची असते. दिवसाच्या पाच नमाजा मिळून 17 फर्ज (सक्तीच्या) रकात, म्हणजे नमाजेची आवर्तने. दहा वर्षे नमाज सुटली असेल तर 62,050 रकातींची थकबाकी. बहुसंख्य उलेमा ती 'कजा', म्हणजे सुटलेल्या नमाजेची भरपाई, हळूहळू फेडावी म्हणतात. जाणूनबुजून सोडलेल्या नमाजेची कजा होतच नाही, तौबा करून पुढे नफिल (ऐच्छिक) नमाजा वाढवाव्यात, असे अंदलूसचे (मुस्लिम स्पेनचे) विद्वान इब्न हज्म म्हणून गेले. मतभेद जुना आहे आणि तो राहणार. पण नवख्याच्या हाती पहिल्याच दिवशी हे बिल ठेवणे म्हणजे त्याला दारातून परत पाठवणे होय.

त्यात शेजारी उभा कोकणी सोबती शाफई पंथाचा. तो रुकूला (कमरेत वाकायला) जाताना हात उचलतो, 'आमीन' मोठ्याने म्हणतो. मराठवाड्याचा हनफी पंथाचा माणूस तसे करत नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर, पण ज्याला कुणी हे सांगितलेच नाही तो मध्येच गोंधळून उभा राहतो. पेंट शॉपमधल्याचा प्रश्न आणखी वेगळा. नखांवर वाळलेला रंग पाणी त्वचेपर्यंत पोचू देत नसेल, तर वजूआधी, म्हणजे नमाजेपूर्वी हातपाय धुण्याआधी, तो काढावा लागतो. अशा प्रश्नांची उत्तरे पोरांच्या शिकवणीत कुठून मिळणार?

बायकांची अवस्था याहून बिकट. शॉप फ्लोअरवर पुरुषांच्या बरोबरीने उभ्या राहणाऱ्या मुस्लिम मुलीला अनेक मशिदींत शिकायला जागाच नाही. स्त्रियांना मशिदीत प्रवेश मिळावा म्हणून पुण्याच्या एका दाम्पत्याने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, एप्रिल 2019 मध्ये न्यायालयाने त्यावर नोटीस काढली. पुढे मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेच प्रतिज्ञापत्रात सांगितले की नमाजेसाठी मशिदीत जायला स्त्रीला मज्जाव नाही. धर्मशास्त्राची हरकत नसेल, तर उरते ती जागेची आणि इच्छेची.

तबलीग जमातीचे लोक दारोदार जाऊन बोलावतात, तीन दिवसांसाठी नेतात, त्यात कित्येकांची नमाज सुरूही झाली. त्यांची चिकाटी मानावी लागेल. पण कंत्राटी कामगाराचे तीन खाडे म्हणजे तीन दिवसांची मजुरी, आणि चाळीस दिवसांचा चिल्ला त्याच्यासाठी नोकरीवरच पाणी सोडणे ठरू शकते.

म्हणून मागणे या पट्ट्यातल्या मशीद कमिट्यांकडे आहे. गुरुवारची सुट्टी बऱ्याच जणांची आहेच. त्या दिवशी प्रौढांचा एक तास ठेवा, मराठीतून, पोरांपासून वेगळा, बायकांसाठी स्वतंत्र. कजाचा हिशोब सहा महिन्यांनी काढा. पहिल्या गुरुवारी फक्त वजू शिकवा, दुसऱ्या दिवशी जुम्माच आहे.