खोडदच्या रानातले तीस कान

बातम्या ऐकत बसावं आणि शेजाऱ्यानं फटफटी सुरू करावी, की रेडिओ खरखरायचा. आठवतं ना? आज त्या खरखरीवरूनच थोडं सांगायचं आहे.

पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद नावाचं गाव आहे. तिथं आणि आसपासच्या रानात ४५ मीटर रुंदीच्या ३० तबकड्या उभ्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली ही रेडिओ दुर्बीण. तबकड्या भरीव नाहीत, तारेच्या जाळीच्या आहेत. वारा आरपार जातो. १४ तबकड्या जवळजवळ आहेत, १६ तीन दिशांना लांबवर पसरल्या आहेत. सगळ्या मिळून एकच मोठा कान.

हा कान ऐकतो काय? काही दीर्घिकांच्या पोटात प्रचंड कृष्णविवर असतं. त्यात पडू पाहणारं सगळंच आत जात नाही. काही भाग दोन्ही बाजूंना झोत होऊन प्रकाशाच्या जवळपास वेगानं बाहेर सुटतो. असा एक झोत कर्टिस या शास्त्रज्ञाला १९१८ मध्येच एम-८७ दीर्घिकेत दिसला होता. तिथलं कृष्णविवर सुमारे साडेसहाशे कोटी सूर्यांच्या वजनाचं आहे.

आपल्या मोटारीच्या पाइपातलं पाणी आठवा. आधी सरळ धार, मग बांधाला अडून डबकं. झोताचंही तसंच. तो लाखो प्रकाशवर्षं जातो, विरळ वायूवर आपटतो आणि फुगीर ढग तयार होतो. मोटार बंद झाली तरी डबकं लगेच आटत नाही. तसाच झोत थांबल्यावरही तो ढग मागं राहतो, पण त्याच्यातला जोम कमी होत जातो. असे थकलेले, म्हातारे ढग कमी कंपनांच्या रेडिओ लहरींतच चांगले दिसतात, आणि खोडदची दुर्बीण नेमक्या त्याच लहरी ऐकते. म्हणजे दीर्घिकेची जुनी कहाणी तिथं वाचता येते.

पण कोट्यवधी वर्षं चालत आलेला हा आवाज अतिशय क्षीण असतो. जवळचा एखादा मोबाईल किंवा ठिणगी उडवणारं यंत्र त्याला बुडवून टाकतं. आपल्या रेडिओची खरखर तीच! म्हणून त्या परिसरात शांतता राखावी लागते, आणि ती आजूबाजूच्या गावांच्या साथीनंच टिकते.

राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला लोकांसाठी प्रदर्शन भरत आलं आहे. शाहूवाडीहून वाट लांबची खरी, पण पोरांना एकदा घेऊन जाच. जाताना मोबाईल मात्र बंद करा. तिथं कुणीतरी ऐकतंय.