तांबडी रेघ कुठवर?

जुळ्या भावंडांना एकसारखे कपडे घालून समोर उभे केले, तरी त्यांची आई त्यांना क्षणात ओळखते. माशांच्या बाबतीत आपल्याला ती नजर कमवावी लागते! काचेच्या पेटीत निळी-तांबडी रेघ मिरवणारा, जेमतेम दोन पेरांएवढा मासा दिसला की आपण बेधडक ‘निऑन’ म्हणतो. पण तो त्याचा चुलतभाऊ ‘कार्डिनल’ही असू शकतो.

मग ओळखायचे कसे? आधी पाठीकडे पाहा. शेपटीच्या अलीकडे एक चिमुकला, मांसल पर दिसेल. कॅरासिन गटातल्या बहुतेक माशांची ही खूण. निळी रेघ दोघांनाही असते. आपल्याला फसवते ती हीच. म्हणून नजर तांबड्या रेघेवर ठेवा. ती पोटाच्या मध्यावरून शेपटीकडे गेली, तर निऑन. डोक्यामागून थेट शेपटीपर्यंत धावली, तर कार्डिनल. रोमच्या कार्डिनल धर्मगुरूंच्या तांबड्या झग्याची आठवण देणारे हे नाव. ही परीक्षा रात्री मात्र घेऊ नका. अंधारात दोघांचेही रंग फिके पडतात.

निऑन हा ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातला. जॉर्ज मायर्स यांनी १९३६ साली त्याला शास्त्रीय नाव दिले. कार्डिनल रिओ नेग्रो व ओरिनोको या नद्यांच्या खोऱ्यांतला. त्याच्या बारशाची गंमत ऐका. २० फेब्रुवारी १९५६ रोजी लेनर्ड शुल्ट्झ यांनी ‘ॲक्सेलरोडी’ हे नाव प्रसिद्ध केले. दुसऱ्याच दिवशी मायर्स व वाइट्झमन यांनी त्याच माशाला ‘कार्डिनॅलिस’ म्हटले. आधीचे नाव खरे, हा शास्त्राचा नियम. वाद आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाकडे गेला आणि १९५७ साली निकाल शुल्ट्झ यांच्या बाजूने लागला. लोकांच्या तोंडी मात्र ‘कार्डिनल’च राहिले!

ही ओळख नुसती हौस नाही. ब्राझीलमधल्या बार्सेलोस गावाभोवतीची कुटुंबे रिओ नेग्रोच्या चहासारख्या पाण्यात कार्डिनल पकडून पोट भरत आली आहेत. मासे विकले जातात तोवर जंगल तोडण्याची गरज पडत नाही, असे अभ्यासक सांगतात. दुकानातले बहुतेक निऑन टाक्यांत जन्मलेले असतात. आता कार्डिनलचीही तशी पैदास होऊ लागली आणि त्या कोळ्यांचा धंदा आटला.

तेव्हा पेटीसाठी मासे आणाल, तेव्हा दुकानदाराला दोन प्रश्न विचारा: तांबडी रेघ कुठवर, आणि हा मासा आला कुठून? पहिल्याचे उत्तर तुम्हांला आता येते. दुसऱ्यात कुणाची तरी चूल पेटलेली असते.